रोज दुपारी पसंती

योकोहामा
मेइजी २३, जानेवारी १९

आई,

इथूनच वाकून नमस्कार करते. राग अजून गेला नसेल तर नमस्कार उंबऱ्यापाशी राहू दे, सवडीने घे.

तुझं पत्र मिळालं. ओदावाराला मामाच्या दुकानात तुला नुसतं बसवून ठेवलं आहे असं तू लिहितेस, पण कागदाला खारवलेल्या आलुबुखारांचा इतका वास होता की बाबांना तो वाचूनच भूक लागली. बरण्या भरता भरता लिहिलंस ना?

इकडे सगळं ठीक आहे. भात मला जमायला लागला आहे. बाबांनी तक्रार केलेली नाही. जेवताना हल्ली ते फारसे बोलतच नाहीत.

आता मोठी बातमी. कोफूच्या मुलींच्या शाळेने मला घ्यायचं ठरवलं आहे! एप्रिलपासून. आपल्या घरात आजोबांनी पतंग रंगवले, बाबांनी नाटकांच्या पाट्या रंगवल्या, आणि मी तोक्योच्या शिक्षिका विद्यालयातून पास होऊन बाहेर पडले. डोंगरापलीकडच्या त्या मुली भूगोल शिकतील, आणि शिकवणारी मी असेन, या विचाराने मला दोन घास कमी जातात. अट एकच आहे. तीन वर्षं लग्न करायचं नाही, आणि सोयरीक आधीच ठरलेलीही चालणार नाही. आधीच्या बाई वर्ष अर्धवट टाकून सासरी गेल्या म्हणे. मार्चमध्ये शाळेचा माणूस येऊन गल्लीत चौकशी करून जाईल, मग नेमणूक पक्की. ते काही अवघड नाही. माझ्यात लपवण्यासारखं काय आहे?

अडचण बाबांची आहे. मी गेले तर त्यांना कोण बघेल? परवा त्यांनी चहा समजून कुंचले धुतलेलं पाणी प्यायलं आणि म्हणाले, "आज जरा दाट झालाय." म्हणून आई, मार्चच्या आत तू परत ये.

तू का गेलीस ते मला पटलेलं आहे. तू म्हणालीस, "मी ओरडले होते, हे खरं. झाडू उगारला नव्हता." पण बाबांची चित्रं विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं की गोऱ्या गिऱ्हाइकांना झाडू आवडेल, आणि बाबांनी तो चित्रात तुझ्या हातात दिला. आता तू झाडू घेऊन त्या परदेशी हॉटेलच्या जेवणघरात टांगलेली आहेस आणि लोक सूप पिता पिता तुला हसतात. मी बाबांना यावर स्पष्ट बोलले. म्हटलं, "बाबा, तुम्ही आपल्या लोकांचं आयुष्य काढता म्हणता. छत्री दुरुस्त करणारा, शेवया विकणारी, न्हाणीघरातल्या बायका. पण प्रत्येकाच्या पाठीमागे फुजी कशाला?"

"लोक मागतात."

"आपल्या खिडकीतून फुजी दिसतो का?"

"मध्ये कोळशाचं गोदाम आहे."

"मग गोदाम काढा! जे आहे ते काढा. चित्रकाराने खरं नाही काढायचं तर कुणी काढायचं?"

ते बराच वेळ पेन्सिल तासत बसले. ती संपली तेव्हा उठले. सकाळी मला म्हणाले, वसंतात तोक्योला मोठं प्रदर्शन भरणार आहे, त्यासाठी तैलचित्र काढणार. मोठं. विषय आहे मुलगी बघण्याचा कार्यक्रम, जुन्या पद्धतीने, चहाच्या टपरीवर. आणि फुजी अजिबात नाही.

आई, तुझी मुलगी बोलली आणि एक माणूस बदलला. मला फार समाधान वाटतं आहे.

मिने


योकोहामा
फेब्रुवारी ४

आई,

"बदललेल्या माणसाला भात स्वतः वाढून घ्यायला सांग," एवढंच तू लिहिलंस. सांगितलं. त्यांनी वाढून घेतला, माझ्याच ताटलीतला.

चित्र सुरू झालं आहे. बाबांनी नोगेच्या टेकडीवरची टपरी दुपारपुरती मागून घेतली आहे. मुलीच्या जागी त्यांनी एक पगारी बाई आणली होती, पण तिला खोकला होता आणि ती ट्रे धरून खोकली की कप नाचायचे. मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणणार होते. पण स्वतः सत्याची बाजू घ्यायची आणि स्वतः ट्रे उचलायचा नाही, हे बरोबर नाही.

(तुझा राखाडी किमोनो पेटीतच आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.)

मुलाच्या जागी आधी शेवयावाला होता. तो बसला की झोपायचा. मग आपल्या गल्लीतल्या ओकुमाकाकूंचा हेइशिरो सापडला, कंदीलवाल्यांचा. कागदी कंदील द्यायला घरी आला होता, बाबांनी त्याला दारातच धरलं आणि हनुवटी उजेडाकडे वळवली. स्वभावाने शांत आहे. दिसायला बरा आहे, हे मी निरीक्षण म्हणून लिहिते.

तर रोज दुपारी मी खारवलेल्या चेरीच्या फुलांचा चहा घेऊन जाते. हेइशिरो मला बघतो, कप तळापर्यंत संपवतो, आपला घडीचा पंखा माझ्या ट्रेवर ठेवतो आणि उठून जातो. म्हणजे मुलगी पसंत. नापसंत असेल तर पंखा उचलून न्यायचा. तुमच्या वेळी बाबा पंखा विसरले होते आणि तेवढ्यावर तुझं लग्न झालं, असं तू दर सणाला सांगतेस, त्यामुळे तुला रीत समजावायला नकोच. बाबांना नेमका तो पंखा ठेवतानाचा क्षण हवा आहे. तो एका दिवसात येत नाही म्हणतात. म्हणून गेले कितीतरी दिवस हेइशिरो मला रोज दुपारी पसंत करतो आहे.

टेकडीवर वारा फार आहे. तो बिचारा कधी कुरकुर करत नाही. काल मी विचारलं, "थंडी नाही वाजत?" तर म्हणाला, "वाजते की. पण उद्या पण आहे ना?" कलेसाठी कंदीलवाल्याच्या मुलालाही इतकी तळमळ असू शकते! लोकांना फक्त संधी मिळायला हवी, हे माझं मत पक्कं झालं.

पाठीमागे रिकामं दिसतं म्हणून बाबांनी टपरीवाल्याची मुलगी नुई पण चित्रात घेतली आहे. ती शेगडी फुंकते.

मिने


योकोहामा
फेब्रुवारी १७

आई,

एक फार आनंदाची गोष्ट लिहायची आहे. आपल्या गल्लीत शिक्षणाचा मान वाढला आहे!

मला आधी खरं वाटेना. पण न्हाणीघरात बायका मला गरम पाण्याजवळची जागा करून देतात. भाजीवालीने मुळा वर घातला. वेणीफणी करणाऱ्या ओतात्सुमावशीने माझे केस बांधले आणि वर म्हणाली, "आता काय बाई, तुझं नशीबच उघडलं." मी म्हटलं, "मावशी, हे फक्त माझं नाही, पुढे सगळ्या मुलींचं उघडेल." ती म्हणाली, "सगळ्यांना एकदम कुठून आणायचे?" मला वाटलं शाळांबद्दल विचारते आहे. मी तिला सरकारी धोरण समजावून सांगितलं. ती केस ओढत ओढत "हो ग, हो" करत होती.

मासेवाल्याने तर रस्त्यात वाकून अभिनंदन केलं. त्याला कोफूचं कुणी सांगितलं, देव जाणे. मी तिथेच त्याला स्त्रीशिक्षणावर थोडं बोलून दाखवलं. मांजराने त्याचा एक बांगडा पळवला तरी तो ऐकत होता.

फक्त ओकुमाकाकूंचं वागणं जरा कळत नाही. परवा टेकडीवर आल्या, झाडामागे उभ्या राहून रुमालाने डोळे पुसत होत्या. नंतर मला जवळ घेऊन विचारलं, "इंग्रजी अक्षरं लिहिता येतात ना तुला? दुकानाच्या पाटीवर?" येतात म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला, मग बोटं बघितली, मग म्हणाल्या, "गोंदाची सवय होईल हळूहळू." वय झालं आहे त्यांचं.

बाबा सध्या खूश आहेत. पुढच्या चित्राचं ठरवतात. साखरपुड्याची भेट पोचते तो प्रसंग. ओतात्सुमावशीला म्हणत होते, "कुणी एक पूर्ण थाळ मांडून दिला ना घरी, तर मला दुसरं काही नको. मावशी, तुझ्या ओळखीत कुणी आहे का?" मावशी एवढी हसली की तिच्या तोंडातल्या पिना खाली पडल्या. "गुरुजी," म्हणाली, "तुम्ही बोलून दाखवायचाच अवकाश होता."

माणसं किती मदत करतात!

किमोनोवरचा डाग जवळजवळ गेला आहे. चहाचा नव्हता, निळ्या रंगाचा होता, त्यामुळे काळजी करू नकोस.

मिने


योकोहामा
फेब्रुवारी २६

आई,

मी तुला उगाच घाबरवणार नाही. माझं लग्न ठरलं आहे.

झालं असं. मी कोफूच्या कागदावर शिक्का आणायला कचेरीत गेले होते. परत आले तो घरात खमंग वास. बाबा शेगडीपाशी बसले होते, कधी नव्हे ते घराण्याचं बोधचिन्ह असलेला काळा कोट घालून, आणि काहीतरी चघळत होते.

"ये, ये," म्हणाले. "ओतात्सुने शब्द पाळला. बघ काय थाट मांडून दिलाय!"

ओट्यावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांनी बांधलेलं साके दारूचं पिंप, समुद्री शेवाळाच्या पट्ट्या, तागाचा पांढराशुभ्र धागा, पंख्यांची जोडी. मांडणी शास्त्राप्रमाणे होती, फक्त एक थाळी रिकामी होती.

"बाबा, हे कुणी आणलं?"

"ओतात्सु आली होती, ओकुमाबाई होत्या, पालखीसारखं मिरवत आणलं. आणि काय सुंदर वाकल्या दोघी! मी म्हटलं, जरा थांबा, उजेड डावीकडून येऊ दे, परत एकदा वाका. पुन्हा वाकल्या. मग मी म्हटलं, आता मी स्वीकारतो तसं करून बघू. मी पण वाकलो. ओकुमाबाई तर रडल्या! पगारी बाईला असं जमलं नसतं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"जे म्हणतात तेच. 'आमची मुलगी तुमच्या पदरात घातली, कायम सांभाळून घ्या.' नाहीतर त्यांच्या चेहऱ्यावर भाव कसा आला असता?"

मी रिकाम्या थाळीकडे बोट केलं. "त्या थाळीत काय होतं?"

बाबा चघळायचे थांबले. "समुद्रातली सुकी माकुळं. चित्र काढून झालं होतं ग माझं. भाजली तर काय वाईट होईल, म्हटलं. घे ना, हा एक तुकडा राहिलाय."

आई, गल्लीने सगळं बघितलं होतं. रोज दुपारी, इतके दिवस, चहा संपत होता आणि पंखा माझ्या ट्रेवर राहत होता. कुणाला चित्र दिसलं नाही, कारण चित्र बाबांच्या बाजूला वळवलेल्या फळीवर होतं. लोकांना दिसली फक्त पसंती. आणि त्यावर बाबांनी ओतात्सुकडे भेटीचा थाळ मागून घेतला!

परत करायचं तर मुलीकडच्यांनी दुप्पट परत करायचं, ही रीत. ते कुठून तरी करता येईल. पण साखरपुड्याची माकुळं मुलीच्या बापाने भाजून खाल्ली, याला उत्तर रीतीतच नाही. कुणी कधी केलेलंच नाही. आणि कोफूचा माणूस दहा दिवसांत येतो आहे. गल्लीत कुणालाही विचारेल, "मिने कुसाकाचं कुठे ठरलंय का?" तर मांजरसुद्धा हो म्हणेल.

मी हेइशिरोकडे गेले. तो कंदिलाच्या सांगाड्यावर कागद चिकटवत होता. म्हटलं, "तुम्ही तुमच्या आईला सांगा की हे सगळं चित्रासाठी होतं."

"सांगितलं."

"मग?"

"आई म्हणाली, चित्रासाठी माणूस एकदा चहा पितो. एवढा खारट चहा रोज पितो तो चित्रासाठी नाही."

"मग का पीत होतात?"

त्याने ब्रश गोंदात बुडवला आणि नको तिथे लावला. मला त्याचा राग आला, आणि दुसरंही थोडं काहीतरी झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी काय करू? मी खोटं बोलणार नाही. आजारी आहे, वेडी आहे, असलं काही सांगणार नाही. सत्याने मार्ग निघायला हवा. फक्त लवकर निघायला हवा.

मिने


योकोहामा
मार्च ६

आई,

"माकुळं नुसती भाजली की सॉसमध्ये?" असं तुझ्या पत्रात होतं. पुढे काही नव्हतं. तू हसत होतीस का?

आज सगळं मिटलं. जसं घडलं तसं सांगते.

ओकुमाकाकू सकाळीच आल्या, ओतात्सुमावशीला घेऊन. मागे हेइशिरो, धुतलेल्या कपड्यासारखा. काकूंना लग्नाची तारीख काढायची होती. मी वाकले आणि स्पष्ट सांगितलं, की माझी तुमच्याबद्दल काही तक्रार नाही, पण मला शिकवायला जायचं आहे, मला कुणी विचारलं नाही, आणि बाबांना वाटलं ती भेट म्हणजे चित्राचं सामान आहे.

"सामान?" काकू म्हणाल्या. "मग द्या परत."

बाबांनी घसा खाकरला. "बाकी सगळं आहे."

"बाकी म्हणजे?"

"माकुळं जरा... जाड होती, चांगली होती."

ओतात्सुमावशीने तोंडावर हात घेतला. काकू म्हणाल्या, "खाल्लीत ना? मग पोटात गेलेली सोयरीक बाहेर कशी काढणार? पोरगी आमची झाली. कोफूला दुसरी कुणी पाठवू देत. गुरुजी, तेवढं कापड काढा. माझ्या पोराचं चित्र मला बघू द्या."

बाबांनी ते अजून कुणालाच दाखवलं नव्हतं, मलासुद्धा. पण कुणी बघायला मागितलं की त्यांना राहवत नाही. कापड काढलं.

आई, चित्र चांगलं झालं आहे. मला कलेतलं फार कळत नाही, पण त्यात वारा आहे. टपरीचं छप्पर, ओला बाक, कपातून निघणारी वाफ. मी आहे, ट्रे घेऊन. हेइशिरो आहे, पंखा नुकताच हातातून सुटतो आहे. मागे नुई शेगडी फुंकते आहे, केस विस्कटलेले, गालाला काजळी.

काकू जवळून बघायला लागल्या. मग लांब गेल्या. मग चक्क उकिडव्या बसल्या.

"गुरुजी, तुमची मुलगी ही इकडे ना?"

"हो."

"आणि माझा पोरगा हा."

"हो."

"मग हा बघतोय कुठे?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. हेइशिरोचे डोळे माझ्या खांद्यावरून, माझ्या कानाच्या बाजूने, सरळ शेगडीपाशी गेले होते.

"वाऱ्याकडे बघत असेल," ओतात्सुमावशी घाईने म्हणाली.

"वाऱ्याकडे बघून कुणाचं तोंड असं उघडं पडत नाही. गुरुजी, हे असं का काढलंत?"

"तो तिकडेच बघत होता."

"रोज?"

"रोज. मी सांगायचो, मान इकडे कर. मान करायचा. डोळे तिथेच राहायचे. शेवटी म्हटलं, असू दे."

"तुम्हाला कळलं नाही त्याचा अर्थ?"

"बाई, मी डोळे काढतो," बाबा म्हणाले. "आतलं बघायची मला सवय नाही."

काकू मुलाकडे वळल्या. हेइशिरो त्याच्याच दुकानातल्या सणाच्या कंदिलासारखा लाल झाला होता.

"हेइशिरो. तो चहा खारट होता ना रे?"

"खूप, आई."

"मग तळापर्यंत कशाला प्यायचास?"

"नुई करायची," तो म्हणाला.

ओतात्सुमावशी भिंतीकडे तोंड करून हलत होती. काकूंनी तिला कोपराने ढोसलं आणि एकदम आवाज खाली आणला. मला त्यांची दया आली, आई. इंग्रजी पाटीवाली सून हातातून जात होती. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे चित्र तोक्योला जाणार. हजार माणसं बघणार. माझा पोरगा बघायला गेला एकीला आणि बघतोय भलतीला. दोन ठिपक्यांचं तर काम आहे. इकडचे जरा तिकडे करा. माकुळांचं मी नावसुद्धा काढणार नाही. उरलेलं सगळं तुम्हीच ठेवा. घराच्या दाराला वर्षाचे कंदील माझ्याकडून."

मी बाबांकडे बघितलं. तुला माहीत आहे, त्यांना कुणी काही सांगितलं आणि त्यांनी बदललं नाही, असं झालेलं नाही. जहाजाच्या कप्तानाला त्यांनी केस दिले. दुकानदाराने म्हटलं म्हणून पावसात चेरी फुलवली. त्यांनी कुंचला उचलला. रंगात बुडवला. कॅनव्हासपाशी गेले आणि नाक टेकेल इतक्या जवळून हेइशिरोच्या डोळ्यांकडे बघत राहिले. माझ्या मनात कोफूचे डोंगर एकेक करून खाली बसायला लागले.

"नाही जमणार," बाबा म्हणाले.

"का? हात दुखतो?"

"ओकुमाबाई, आजवर मी सांगाल तिथे अख्खा डोंगर आणून ठेवला. हे दोन ठिपके मात्र राहू देत. हे मी पहिल्यांदाच नीट काढलेत."

काकू उठल्या, कमरेचा ओबी नीट केला. "मग ऐका. ही सोयरीक आमच्या बाजूने मोडली. आमच्याकडून मोडली म्हणजे तुम्ही काही देणं लागत नाही. माकुळं पचवा." दारात थांबून मुलाला म्हणाल्या, "चल. आणि चेहरा धू. टपरीवाल्याकडे जायचं तर असा जाणार आहेस का?"

मी सुटले, आई. खरंच सुटले. मला ओरडावंसं वाटलं.

पण तुला एक सांगायचं राहिलं. दारातून निघताना काकूंनी एकदा परत चित्राकडे बघितलं होतं, या वेळी माझ्या चेहऱ्याकडे. "आणि ही पोर मात्र..." एवढं म्हणाल्या, आणि चांगल्या बाई आहेत म्हणून पुढचं गिळलं. ते गेल्यावर मी जाऊन बघितलं. माझे डोळे कुठे आहेत ते तू विचारू नकोस. शेगडीकडे नाहीत, एवढंच सांगते.

रोज दुपारी, आई! इतके दिवस! आणि मी त्याला सरळ तोंडावर थंडीबद्दल विचारत होते.

तोक्योला माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली ते चित्र बघणार. विद्यालयातल्या बाई बघणार. मी बाबांजवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, चित्राला धक्का न लावता, माझे तेवढे जरा ट्रेकडे वळवता आले तर? दोनच ठिपके." त्यांनी माझ्याकडे बघितलं. व्याख्यान दिलं नाही. नुसता कुंचला माझ्या हातात दिला. "तूच वळव."

मी तो हातात धरून उभी राहिले, बराच वेळ. मग टर्पेंटाइनमध्ये धुतला, पुसला आणि भांड्यात ठेवला. बाबा तोवर माझ्या पाठीमागे काहीतरी गुणगुणत होते. त्यांना माझं काही वाटत नव्हतं असं नाही. पण सूर बरा लागला होता.

मिने


योकोहामा
मार्च २९

आई,

हे पत्र मुद्दाम लांब लिहिते आहे. कारण शेवटी सांगेन.

कोफूचा माणूस येऊन गेला. चौकशी करायला तो नेमका ओतात्सुमावशीकडेच गेला. तिने त्याला सगळी कथा सांगितली, पंख्यापासून माकुळापर्यंत, आणि शेवटी म्हणाली, "मुलगी इतकी सरळ आहे हो, की समोर बसून मुलगा दुसरीवर जीव टाकतोय तरी तिला वाटलं कलेचं प्रेम आहे." तो गृहस्थ चष्मा पुसत आमच्याकडे आला. मला वाटलं, संपलं. पण म्हणाला, "आम्हाला तीन वर्षांत लग्नाचा धोका नसलेली बाई हवी होती. तुमच्यासारखी मिळेल अशी आशा नव्हती." मी याला कौतुक समजायचं ठरवलं आहे. नेमणूक पक्की झाली. परवा निघते. हाचिओजीपर्यंत गाडी, पुढे घोडागाडी, आणि खिंडीत चालत. पायमोजे मीच शिवले. त्यांची बोटं जरा एकाच बाजूला गेली आहेत.

हेइशिरो आणि नुईचं लग्न शरद ऋतूत आहे. ओकुमाकाकू रोज टपरीवर जाऊन नुईला इंग्रजी अक्षरं गिरवायला लावतात. अक्षरं मी काढून दिली. नुई पहिल्या दिवशी म्हणाली, "ताई, रागावला नाहीत ना माझ्यावर?" मी म्हटलं, शिक्षिका रागावत नाही. मग तिने मला चहा दिला. तो खरंच फार खारट असतो.

चित्राला प्रदर्शनात जागा मिळाली, पण कोपऱ्यात, जिन्याखाली. निवडणाऱ्यांनी शेरा दिला आहे, "रंगकाम समाधानकारक. मात्र तरुणाची नजर चुकली आहे, त्यामुळे विषय पोचत नाही." बाबांनी तो मला तीनदा वाचून दाखवला. मला वाटलं खचतील. ते म्हणाले, "बघ, त्यांनाही दिसलं." दुकानदार येऊन गेला, त्याला फुजीवाल्या न्हाणीघराच्या सहा प्रती हव्या होत्या. बाबा म्हणाले, न्हाणीघर देतो, खिडकीत गोदाम येईल. तो निघून गेला. परत येईल असं बाबांना वाटतं. मला वाटत नाही. त्यामुळे इथे पुढे काय शिजेल आणि कशावर, हे मला माहीत नाही, आणि ते तुला कळावं म्हणून लिहिते.

आई, जानेवारीपासून मी तुला लिहिते आहे की ये, बाबांना जेवायला वाढ, म्हणजे मी मुलींना स्वतंत्र करायला मोकळी. त्यात गडबड आहे हे कोफूसाठी पहिला धडा लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं. वाक्य पूर्णच होईना. म्हणून आता ये असं लिहीत नाही. तुला मामाकडे बरं वाटत असेल तर तिथेच राहा. मी पगारातून लोकर पाठवीन.

काल हे मी बाबांना सांगितलं. म्हटलं, "आईला मी बोलावणार नाही. तुम्ही भात शिका." त्यांनी पेटी उघडली, काळा कोट काढला, त्याला माकुळाचा वास येत होता तो दोरीवर टाकला, आणि विचारलं, "ओदावाराची पहिली गाडी कधी आहे?"

मी विचारलं, आईशी काय बोलणार? म्हणाले, माहीत नाही. मी चार चांगली वाक्यं लिहून देते म्हटलं. नको म्हणाले, दुसऱ्याचं सांगितलेलं काढलं की काय होतं ते कळलंय. रंगाची पेटी बरोबर घेतलेली नाही. कुंचला नाही, कागद नाही. पेटी नसली की त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, त्यामुळे ते कोटाच्या बाहीत घालून उभे राहतात, लहान मुलासारखे. कोझूपर्यंत आगगाडी, पुढे घोड्यांची ट्राम, आणि ट्राम जिथे थांबते तिथून मामाचं दुकान कुठे हे मी त्यांना समजावलं आहे. रस्ता विचारतील असं वाटत नाही. वासावर येतील.

आणि हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही, त्यांच्याच हाती दिलं आहे. दाराशी द्यायचं, काही बोलायचं नाही, आणि तू वाचून होईपर्यंत बाहेर उभं राहायचं, असं बजावलं आहे.

म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ते दारात आहेत. म्हणूनच पत्र लांब केलं. घाई करू नकोस, आई. हवं तर पुन्हा पहिल्यापासून वाच.

मिने